डब्ल्यू. अँड सी. स्कॉट की वेब्ली अँड स्कॉट? जुन्या दुनळीचं साल कसं काढायचं (सोलापूर)

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी. घरात एक बारा बोअर दुनळी आहे. आधी थोरल्या काकांच्या नावावर होती, त्यांच्यानंतर वडिलांच्या नावावर लायसन झालं. मूळ गाव अक्कलकोट तालुक्यात, शेताच्या राखणीसाठी घेतलेली, बाहेर निघते ती फक्त दसऱ्याला पूजेसाठी आणि निवडणुकीत जमा करायला. हॅमरलेस बॉक्सलॉक, म्हणजे घोडे बाहेर न दिसता आत पेटीत असलेली, दोन चाप, इजेक्टर नाही, काडतुसं हातानं काढायची. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर 'डब्ल्यू. अँड सी. स्कॉट अँड सन' असं कोरलेलं आहे आणि ते अजून स्वच्छ वाचता येतं.

चुलतभावाचं म्हणणं असं की स्कॉट कंपनी १८९७ ला वेब्लीत मिसळली, मग पट्टीवर नुसतं स्कॉट आहे म्हणजे बंदूक १८९७ च्या आधीचीच, राणी व्हिक्टोरियाच्या काळातली. एका आर्म्स डीलरनं हातात घेऊन सांगितलं की नाव स्कॉटचं असलं तरी माल वेब्लीचा आहे. माझ्या मामेभावाकडे वेब्ली अँड स्कॉटची ७०० नंबरचं मॉडेल असलेली दुनळी आहे, ती शेजारी ठेवून पाहिली तर खटक्याची ठेवण, नळ्या उघडायची पद्धत, बरंच सारखं वाटतं पण नक्षी आणि लाकूड एकदम वेगळं.

वडिलांनी सत्तरी ओलांडली, लायसन माझ्या नावावर करायचं चाललंय, त्यामुळं हा विषय परत निघाला. किंमत काढायची नाही, विकायची तर मुळीच नाही. मला साल पाहिजे, आणि आजची ७० मिलीमीटरची काडतुसं यात चालतील का ते पाहिजे. जाणकारांनी सांगा प्लीज.

जुनं_लोखंड

होटगीरोडकर, छान विषय काढलात. तुमचा भाऊ म्हणतो ते १८९७ साल बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

झालं असं की १८९७ ला बर्मिंगहॅमच्या तीन पेढ्या एकत्र आल्या, पी. वेब्ली अँड सन, डब्ल्यू. अँड सी. स्कॉट अँड सन आणि रिचर्ड एलिस अँड सन. नवीन कंपनीचं नाव वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर अँड आर्म्स कंपनी, पुढं १९०६ ला ते आटोपशीर करून वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड केलं. आता वेब्लीची ओळख रिव्हॉल्व्हरमुळं आणि स्कॉटची ओळख उंची दुनळीमुळं. वरच्या खटक्यानं बंदूक उघडायची जी स्पिंडलची रचना आज जवळपास प्रत्येक साईड बाय साईडमध्ये दिसते, तिचं पेटंट विल्यम मिडलडिच स्कॉटचं, १८६५ चं. एवढं नाव कमावलेलं असताना नवीन कंपनी ते पुसून टाकेल का? नाही टाकलं. चांगल्या बंदुकांवर 'डब्ल्यू. अँड सी. स्कॉट अँड सन' हे नाव पुढं १९३० च्या दशकापर्यंत चालू राहिलं, खास करून बाहेरदेशी जाणाऱ्या मालावर. म्हणजे पट्टीवरचं नाव बघून १८८० पासून १९३५ पर्यंतचं कुठलंही साल निघू शकतं.

तुमचा डीलरही अर्धंच सांगतोय. स्कॉटचेच कारागीर, स्कॉटच्याच पद्धती नव्या कंपनीत आल्या, त्यामुळं 'वेब्लीचा माल' म्हणून हलकं समजायचं कारण नाही.

साल बघायचं असेल तर पट्टी सोडा आणि नळ्यांच्या पोटाकडे बघा. बंदूक रिकामी आहे हे आधी दोनदा तपासा, मग पुढचा लाकडी हात, म्हणजे फोरएंड, काढा, खटका दाबून नळ्या खाली करा आणि हुकातून उचलून वेगळ्या करा. नळ्या उलट्या केल्या की मागच्या टोकाला खालून दोन सपाट जागा दिसतील, तिथं बारीक बारीक शिक्के असतात. ते बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे. तिथं प्रत्येक नळीतून नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढून बघायचे, टिकली तर शिक्का. त्या शिक्क्यांचे नियम दर काही वर्षांनी बदलत गेले आणि त्यामुळंच साल काढता येतं. काय काय दिसतं ते शब्दात लिहा. फोटो टाकलात तर सिरीयल नंबर झाका.

बार्शीचा_शेतकरी

मालक एक सांगतो, खुणा दिसत नाहीत म्हणून सॅन्डपेपर किंवा पॉलिश लावू नका कुणाचं ऐकून. आमच्याकडं एकानं जुनी दुनळी चकचकीत पाहिजे म्हणून कुणाकडनं तरी बफ मारून काळी करून आणली, नळी दिसायला लै भारी झाली पण खालचे शिक्के अर्धे गेले, आता ती कधीची हाय आन कुठल्या पावडरीला पास झालेली हाय हे कुणालाच सांगता येत नाही. खुणा बघायच्या असतील तर मऊ दातांचा टूथब्रश, थोडं बंदुकीचं तेल, आन बॅटरी एका बाजूनं आडवी धरायची, सरळ नाही. आडव्या उजेडात शिक्क्याच्या कडा सावली पाडतात, मग सगळं वाचता येतं. मोबाईलच्या फ्लॅशनं समोरून फोटो काढला तर सपाट दिसतं.

न्यूजर्सीचा_सोलापूरकर

मूळचा नवी पेठेतला, आता इकडे. इथल्या गन शोमध्ये असल्याच वादावर लोक तास तास बोलतात, फक्त नावं वेगळी. ए. एच. फॉक्स फिलाडेल्फियात बनायची, १९२९ ला सॅव्हेजनं घेतली आणि काम युटिकाला नेलं, मग फिलाडेल्फियाची फॉक्स की युटिकाची यावरून किंमतीत फरक. पार्कर १९३४ ला रेमिंग्टनकडे गेली आणि नंतर काम मेरिडनहून इलियनला हललं. एल. सी. स्मिथची तर गंमतच, ज्याच्या नावानं बंदूक तो स्मिथ बंदुकीचा धंदा हंटर आर्म्सकडे सोपवून स्वतः टाईपरायटरकडे वळला, नाव मात्र पन्नास साठ वर्षं बंदुकीवर राहिलं. १९४५ ला मार्लिननं घेतली आणि १९४९ ला फुल्टनच्या फॅक्टरीचा मजला खचला, तिथून ती बंदूक जवळजवळ संपलीच.

इथले जाणकार एकच सांगतात, मालक बदलल्या दिवशी शेल्फवरचे सुटे भाग फेकून देत नाहीत. जुन्या कंपनीच्या ॲक्शन, म्हणजे नळ्या जिथं बसतात ते मधले लोखंडी भाग, जुन्या नळ्या नवीन मालकाच्या हाताखाली जोडल्या जातात, त्यामुळं बदलानंतरची पहिली काही वर्षं बंदुका मिश्र असतात. तुमच्या स्कॉटच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवा.

माळरान

न्यूजर्सीवाले म्हणतात तसंच आपल्याकडं आत्ता होतंय की. ईशापूरची दुनळी, जिला सगळे आयओएफ म्हणतात, ती ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाची होती. १ ऑक्टोबर २०२१ ला बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या, ईशापूरची रायफल फॅक्टरी अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीखाली गेली. फॅक्टरी तीच, कंपनी नवीन. अजून पन्नास वर्षांनी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन बसेल, २०२१ च्या आधीची की नंतरची.

होटगीरोडकर

सगळ्यांचे आभार. रविवारी वडिलांना समोर बसवून नळ्या काढल्या, बार्शीकरांनी सांगितल्याप्रमाणे टूथब्रश आणि आडवी बॅटरी. जे दिसलं ते जसंच्या तसं लिहितो. दोन्ही नळ्यांवर मुकुट आणि त्याखाली बीपी. मुकुटाखाली बीव्ही. मुकुटाखाली एनपी. एक चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखा आकार, त्यात वर १२ आणि खाली सी. त्याच्या बाजूला उजव्या नळीवर १३ आणि खाली १, मध्ये आडवी रेघ. डाव्या नळीवरही तेच, शिवाय इंग्रजीत चोक (तोंडाशी थोडी अरुंद केलेली नळी) असा शब्द. चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची, लांबी कुठंही लिहिलेली नाही, नीट शोधली. तलवारी किंवा राजदंड असं आडवंतिडवं काही नाही. नंबर ॲक्शनवर, फोरएंडच्या लोखंडावर आणि चापाच्या कडीच्या शेपटीवर एकच आहे, नळ्यांवर पण तोच.

जुनं_लोखंड

एवढ्या नीट लिहिलंत की अर्धं काम झालं.

आधी जे नाही त्याबद्दल. १९०४ च्या आधीच्या बर्मिंगहॅमच्या नळीवर मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड असतात, त्यांच्या कोपऱ्यात बी, सी, पी ही अक्षरं, आणि तपासणीच्या दुसऱ्या शिक्क्यात व्ही. १८७५ ते १८८७ मधली चोक नळी असेल तर 'नॉट फॉर बॉल' असे शब्द सापडतात. १८९६ च्या नियमांनंतर 'नायट्रो प्रूफ', म्हणजे बिनधुराच्या पावडरीला पास, हे शब्द दिसायला लागतात. यातलं तुमच्याकडे काहीच नाही. मुकुटाखाली बीपी (बर्मिंगहॅम प्रूफ), बीव्ही (तपासणी) आणि एनपी (नायट्रो प्रूफ) हा तिघांचा संच १९०४ च्या नियमांचा. म्हणजे १८९७ च्या आधीची हा मुद्दा इथंच संपला, ही बंदूक नवीन कंपनीत बनलेली आहे आणि त्यांनी मुद्दाम जुन्या नावानं विकलेली आहे.

दुसरं टोक. १९२५ च्या नियमांपासून चेंबरची लांबी इंचात ठोकायला लागले, अडीच इंच वगैरे. तुमच्यावर ती नाही. शिवाय १९२१ पासून बर्मिंगहॅमच्या तपासनिसाच्या खुणेत वर्षाचं अक्षर यायला लागलं, ए पासून सुरुवात. ते सगळ्याच बंदुकांवर सापडतं असं नाही, म्हणून नुसत्या त्याच्या नसण्यावर मी फार भार टाकणार नाही. पण दोन्ही मिळून बघितलं तर १९०४ ते १९२५, आणि माझा कल त्यातल्या पहिल्या निम्म्याकडं.

चौकटीतलं १२ सी म्हणजे चेंबर बारा बोअरचा. १३ खाली १ म्हणजे नळीचा आतला व्यास, बारा बोअरला एकच माप नसायचं, १३ म्हणजे ०.७१० इंच, १३/१ म्हणजे ०.७१९, १२ म्हणजे ०.७२९, १२/१ म्हणजे ०.७४०. तुमची ०.७१९ ची. कधी डीलरकडे बोअर गेज असेल तर आज किती भरते ते जरूर मोजून घ्या. गंज काढायला कुणी आतून घासून घासून ०.७३५ वर नेली असेल तर तेवढा पत्रा कमी झालाय आणि तो शिक्का आता त्या नळीबद्दल काही सांगत नाही.

माळरान

एक शंका. बंदूक खरंच १८९० ची असेल आणि १९१० ला परत प्रूफ केली असेल तर? शिक्के १९०४ नंतरचे दिसतील ना.

जुनं_लोखंड

चांगली शंका. परत प्रूफ केल्यावर जुने शिक्के पुसत नाहीत, नवीन बाजूला बसतात. राजदंडाची फुली आणि बीव्ही दोन्ही एकाच नळीवर असतील तर आधी जुनी, मग परत तपासलेली. यांच्याकडे राजदंड अजिबात नाहीत. नवीन नळ्या बसवल्या असत्या तर ॲक्शनच्या सपाट जागेवर तरी जुना शिक्का उरला असता. होटगीरोडकर, ॲक्शनचं ते सपाट अंग पण एकदा बघा, तिथंही शिक्के असतात.

होटगीरोडकर

बघितलं. तिथं पण बीव्ही आणि एनपीच आहे, दुसरं काही नाही. आता मामेभावाची ७०० पण उघडली, त्याच्यासमोर. तिच्यावर वेगळंच आहे, मुकुटाखाली बीएनपी, .७२९ असा दशांशातला आकडा, अडीच इंच, आणि ३ टन्स. फुली मारलेल्या तलवारीची खूण आहे पण अक्षर झिजलंय.

जुनं_लोखंड

ती १९५४ नंतरची, बिनधास्त. बीएनपी (बर्मिंगहॅम नायट्रो प्रूफ), दशांशातला व्यास आणि टनात दाब हे तिन्ही १९५४ च्या नियमांचे. अक्षर वाचता आलं तर नेमकं वर्ष निघतं. १९५० ला अक्षरं परत ए पासून सुरू केली, म्हणून एकच अक्षर १९२० च्या दशकातलं पण असू शकतं आणि पन्नाशीतलं पण, अशा वेळी बाजूचे शिक्के बघून ठरवायचं. वेब्लीनं १९७९ ला दुनळी बनवणं थांबवलं, तेव्हा त्याच्या पुढची नाही.

बार्शीचा_शेतकरी

दोन्ही एकाच घराण्यातल्या मग चांगली कुठली?

जुनं_लोखंड

दादा, दोन्ही अँसन अँड डीलीच्या १८७५ च्या रचनेवरच्या बॉक्सलॉक आहेत, उघडल्या की घोडा चढतो, आत भाग थोडे. म्हणूनच होटगीरोडकरांना त्या सारख्या वाटल्या. फरक मेहनतीत आहे. १९१० च्या आसपासच्या कारागिराच्या हाताला वेळ होता. स्क्रूच्या खाचा बघा, चांगल्या स्कॉटवर सगळ्या खाचा नळीच्या दिशेला एका रेषेत बसवलेल्या असतात, फक्त कुणी चुकीच्या पेचकसानं काढून परत लावला की तो एकच तिरका दिसतो. चापाच्या कडीची कड बोटाला गोल लागते. दस्त्यावरची जाळी बारीक आणि रेषा संपतात तिथं ओव्हररन नाही. ७०० महायुद्धानंतरची, मजुरी महागलेल्या काळातली, नक्षी मोजकी, पण स्टील आणि यंत्रावरचं माप फार भरवशाचं आणि प्रूफ नवीन. रोज खांद्यावर न्यायची असेल तर मी ७०० घेईन. घराण्यात ठेवायची असेल तर स्कॉट, डोळे झाकून.

न्यूजर्सीचा_सोलापूरकर

सहमत. आणि घट्टपणा बघायचा असेल तर फोरएंड काढून, नळ्या बंद करून, दस्ता काखेत धरून हलवून बघा. फोरएंड असला की त्याच्या स्प्रिंगनं ढिलाई लपते. नळ्या वेगळ्या करून हुकाला दोरीनं लटकवा आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारा, खणखणीत लांब नाद आला तर पट्ट्या पक्क्या, भदभद आवाज आला तर नळ्या जोडणारा डाग, म्हणजे सोल्डर, कुठंतरी सुटलाय.

पंढरपूरचा_वकील

कागदाचं दोन शब्दात सांगतो कारण धाग्यात तो विषय निघालाय. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये, लायसनधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगली तर वारसाच्या नावावर लायसनसाठी अर्ज करता येतो, वडील हयात असतानाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका आणि लायसनची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, तेव्हा घरात आधीच काय काय आहे ते मोजून घ्या. शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालय, ग्रामीण पत्ता असेल तर जिल्हाधिकारी कार्यालय.

महत्त्वाचं म्हणजे अर्जात बंदूक कुठल्या कंपनीची ते लिहिताना आता नवीन ज्ञान लावून 'वेब्ली अँड स्कॉट' करू नका. जुन्या लायसनवर आणि बंदुकीवर जे आहे तेच, स्कॉट, नंबरासकट. तपासणीत कागद आणि धातू जुळला पाहिजे. आणि बार्शीकर म्हणाले ते पॉलिशचं नुसतं दिसण्याचं नाही, बंदुकीवरचा नंबर किंवा ओळख खूण पुसणं आर्म्स ॲक्टच्या कलम ८ खाली येतं. नळी आखूड करणं तर कलम ६. निवडणुकीत जमा करताना पावतीवर नंबर बरोबर लिहून घ्या आणि देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

बार्शीचा_शेतकरी

जमा करायच्या आधी तेलाचा हलका हात पण मारा. आपल्या सोलापूरची हवा कोरडी, कोकणासारखा गंज लागत नाही, पण एप्रिल मे मध्ये ४३-४४ डिग्रीत लाकूड आकसतं, ॲक्शन आणि दस्ता यांच्यात फट पडते, मग लोक वरचा स्क्रू जोरात आवळतात आन दस्त्याला चीर जाते. आवळू नका, पावसाळ्यात परत बसतं. तेल मात्र जास्त नको. बंदूक उभी ठेवून तेल ओतलं की ते खाली दस्त्याच्या तोंडात मुरतं, लाकूड काळं आन मऊ पडतं. नळीचं तोंड खाली करून ठेवायची.

होटगीरोडकर

आज डीलरकडे चेंबर मोजून घेतला. आता नवाच प्रश्न. ७० मिलीमीटरचा गेज दोन्ही नळ्यांत पूर्ण बसला. डीलर म्हणाला मग ७० चालतील. बोअर ०.७२१ भरली, म्हणजे जवळजवळ जशीच्या तशी.

जुनं_लोखंड

बोअर मस्त आहे, अभिनंदन. पण चेंबरबद्दल डीलरचं ऐकू नका.

त्या काळातल्या नेहमीच्या वापराच्या बारा बोअरचा चेंबर अडीच इंच, म्हणजे ६५ मिलीमीटर. तो ७० चा भरतोय तर नंतर कधीतरी कुणीतरी रीमर, म्हणजे भोक वाढवायचं हत्यार, घालून लांब केलाय, आणि लांब केल्यावर परत प्रूफ केलेली नाही, नाहीतर बीएनपी किंवा दुसरा नवीन शिक्का बाजूला असता. लांब करताना चेंबरपुढच्या जागेतला, म्हणजे जिथं दाब सगळ्यात जास्त असतो तिथला पत्रा कमी झाला. ही नळी जो शिक्का दाखवते तो ६५ च्या काळातल्या बाराचा आहे.

शिवाय काडतुसाची लांबी उडल्यानंतरची, तोंड उघडल्यावरची मोजतात. न उडलेलं ७० चं काडतूस दुमडलेल्या तोंडानं ६५ च्या चेंबरमध्ये सुद्धा आरामात बसतं, म्हणून 'बसलं म्हणजे चाललं' हे कुठल्याच जुन्या बंदुकीत धरायचं नाही. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या केएफ काडतुसांच्या डब्यावर लांबी लिहिलेली असते, वाचून ६५ चंच घ्या आणि त्यातही हलका भार. त्याआधी कुणा जाणकार गनस्मिथकडून चेंबरपुढची भिंतीची जाडी मोजून घ्या. ती कमी भरली तर बार काढूच नका, पूजेपुरती ठेवा.

होटगीरोडकर

कळलं. वडिलांना सांगितलं, ७० चं एक जुनं पाकीट घरात होतं ते डीलरकडे रीतसर परत देतोय. जाडी मोजणारा सोलापुरात नाही मिळाला तर पुण्यात बघतो, लायसन आणि नेण्याची परवानगी वडिलांच्या नावाची असल्यानं ते स्वतः बरोबर येणार आहेत. भावाला १९०४ ते १९२५ सांगितलं, तो म्हणतो अक्कलकोटच्या शस्त्रागारात ठेवलेल्या बंदुकांचे शिक्के पण बघायला पाहिजेत, पण काचेआडून नळीचं पोट कसं दिसणार.

जुनं_लोखंड

नाही दिसणार. तिथं पट्टीवरची नावं वाचा, बऱ्याच जुन्या बंदुकांवर बनवणाऱ्याऐवजी विकणाऱ्याचं नाव असतं. मुंबईत काळा घोड्याला आर्मी अँड नेव्हीचं दुकान होतं, त्यांच्या नावाच्या कित्येक दुनळ्या स्कॉट आणि वेब्लीनंच बनवून दिलेल्या. पट्टीवर 'को-ऑपरेटिव्ह सोसायटी' असेल तर ती १९३४ च्या आधीची, त्या साली त्यांनी नाव बदलून आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स केलं. अशी एखादी दिसली तर इथं लिहा.